न वटलेली हुंडी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दरूप)



आत्ताच आपण प्रतिमेला हार घातला. आपल्याकडे स्मृतिव्याख्यानाची सुरुवात अशीच होते. अशा वेळी टेबलावर ठेवलेला फोटो बहुतेकदा भलत्याच निमित्ताने काढलेला असतो. कुणाचा पासपोर्टसाठी, कुणाचा सेवानिवृत्तीच्या दिवशीचा, कुणाचा पुतणीच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. काढताना हाराचा विचार कुणीच केलेला नसतो. पुढे माणूस जातो आणि फोटोचं काम बदलतं. आज मी ज्या चित्राबद्दल बोलणार आहे, त्याचं काम असंच बदललं. आणि तेही अवघ्या काही आठवड्यांत.

चित्र फ्रान्समधलं आहे. झां ओग्यूस्त दॉमिनिक अँग्र या चित्रकाराने ते १८४२ साली पूर्ण केलं. चित्रातला माणूस म्हणजे ऑर्लेआँचा ड्यूक फर्दिनां-फिलिप, राजा लुई-फिलिपचा थोरला मुलगा आणि गादीचा वारस. कॅनव्हास उंचीला १५८ सेंटिमीटर, रुंदीला १२२. दीर्घकाळ घराण्याकडे राहिलेलं हे चित्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आलं. १८४२च्या वसंतात ते हातावेगळं झालं आणि १३ जुलैला ड्यूक गेला. वय ३१.

गादीच्या वारसाचं व्यक्तिचित्र ही एक हुंडी असते. आज काढायची आणि पुढे कधीतरी, हा माणूस राज्यावर बसला की, वटवायची. राजाचं चित्र सांगतं, सत्ता इथे आहे. वारसाचं चित्र सांगतं, ती पुढेही राहील, निर्धास्त असा. १८४२ची ही हुंडी वटली नाही. ड्यूक गेला, त्यानंतर सहा वर्षांच्या आत गादीही गेली. ज्या राज्याची ग्वाही द्यायला हे चित्र काढलं ते राज्यच उरलं नाही. तरी चित्र पाहणाऱ्याला धरून ठेवतं. ते कशाच्या बळावर, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न. त्यासाठी आधी हे पाहायला हवं, की त्या काळात फ्रान्समध्ये राजपुत्र रंगवणं एवढं अवघड का होऊन बसलं होतं.

या घराण्याच्या इतिहासातच गुंता आहे. ड्यूकचे आजोबा सोळाव्या लुईचे भाऊबंद. क्रांतीच्या काळात त्यांनी पदव्या टाकल्या, फिलिप एगालिते हे नाव घेतलं आणि जानेवारी १७९३ मध्ये राजाला देहान्ताची शिक्षा द्यावी या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला त्यांचीही मान गिलोटिनखाली गेली. त्यांचा मुलगा लुई-फिलिप परागंदा झाला. स्वित्झर्लंडमध्ये त्याने खोट्या नावाने शाळामास्तरकी केली, बराच काळ देशोदेशी काढला आणि शेवटी नेपल्सच्या राजकन्येशी, मारी-अमेलीशी, सिसिलीत लग्न केलं. पालेर्मो शहरात ३ सप्टेंबर १८१० ला फर्दिनां-फिलिप जन्मला. राजपुत्र खरा, पण जन्म परक्या मुलखात आणि घरात राज्य नाही.

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये तीन दिवस रस्त्यांवर लढाई झाली. दहाव्या चार्ल्सला गादी सोडावी लागली आणि लुई-फिलिप राजा झाला. जुन्या बूर्बाँ घराण्याच्या निष्ठावंतांना तो भाऊबंदकी करून गादी बळकावणारा वाटे. प्रजासत्ताकवाल्यांना तो क्रांती मधल्यामध्ये पळवणारा वाटे. तो स्वतः छत्री घेऊन पॅरिसच्या रस्त्याने फिरे, दुकानदारांशी हस्तांदोलन करे. आपण व्यापारी आणि पेढीवाल्यांचा राजा आहोत, हे त्याने ओळखलं होतं.

अशा राजाचं चित्र कसं काढायचं? उत्तर सर्वांत आधी विनोदी चित्रकारांनी दिलं. 'ला कारिकात्यूर' या साप्ताहिकाचा संपादक शार्ल फिलिपाँ याच्यावर १८३१ मध्ये खटला भरला गेला. त्याने न्यायालयातच चार आकृत्या काढून दाखवल्या. पहिली राजाच्या चेहऱ्याची, शेवटची नाशपातीची. मधल्या दोन्हींत चेहरा हळूहळू फळ होत गेलेला. यातल्या नेमक्या कुठल्या आकृतीला शिक्षा देणार, असा त्याचा युक्तिवाद होता. शिक्षा झालीच, पण तोवर नाशपाती पॅरिसच्या भिंतीभिंतीवर खडूने उमटू लागली होती. दोमिए या व्यंगचित्रकाराने राजाला सोन्याची नाणी गिळणारा राक्षस म्हणून रंगवलं आणि तुरुंगवास भोगला. १८३५ मध्ये सरकारने कायदा करून राजकीय व्यंगचित्रं दडपली. मात्र डोळ्यांना लागलेली सवय कायद्याने सुटत नाही. मुकुट, झगा, राजदंड हे सगळं एकदा हास्यास्पद झालं की चित्रकाराच्या हातातलं भांडवलच संपतं.

खुद्द अँग्रने तरुणपणी हे भांडवल मुक्तहस्ताने उधळलं होतं. १८०६ मध्ये त्याने सिंहासनावरचा नेपोलियन रंगवला. मखमल, फरची झालर, एका हातात राजदंड, दुसऱ्या बाजूला न्यायदंड, चेहरा समोरून, जवळजवळ देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. त्या वर्षीच्या 'सालों' या सरकारी प्रदर्शनात समीक्षकांनी त्याची रेवडी उडवली. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. १८४२ मध्ये तो ६१ वर्षांचा होता, आणि त्या पद्धतीने आता कुणालाच रंगवता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरं चित्र आहे. १८३२ मध्ये अँग्रने 'जूर्नाल दे देबा' या वर्तमानपत्राचे मालक लुई-फ्रांस्वा बेर्तां यांना रंगवलं. बेर्तांचं पत्र नव्या राजवटीचं समर्थक. चित्रात भारदस्त देहाचे वयस्क गृहस्थ खुर्चीत बसले आहेत, दोन्ही हात मांड्यांवर रोवलेले, बोटं पंजासारखी पसरलेली, केस विस्कटलेले, नजर थेट. कुठलंही मानचिन्ह नाही, तरी हा माणूस सत्ताधारी आहे हे सांगावं लागत नाही. या चित्रासाठी योग्य पवित्रा अँग्रला बरेच दिवस सापडत नव्हता, तो अगदी मेटाकुटीला आला होता. शेवटी कुणाशी तरी वाद घालत बसलेले बेर्तां त्याच्या नजरेला पडले आणि तीच बैठक त्याने उचलली. जुलैच्या राजवटीतली खरी ताकद कुणाकडे आहे, हे त्या चित्रातून फ्रान्सला दिसलं. लूव्रमध्ये बेर्तां आणि ड्यूक ही दोन्ही चित्रं आहेत. एकाकडे सत्ता आहे आणि पदवी नाही. दुसऱ्याकडे पदवी आहे. सत्ता अजून यायची आहे.

आता ड्यूककडे वळू. बापाने त्याला घरी खासगी शिक्षकांच्या ताब्यात न ठेवता पॅरिसच्या हेन्री चौथा विद्यालयात इतर मुलांबरोबर बसवलं. राजघराण्याच्या रिवाजाला हे सोडूनच होतं. पुढे प्रसिद्ध झालेला कवी आल्फ्रेद द म्यूसे तिथे त्याचा सहाध्यायी होता. १८३२ मध्ये पॅरिसला पटकी आली आणि माणसं हजारोंनी मेली. १ एप्रिलला ड्यूक पंतप्रधान काझिमीर पेरिए यांच्यासोबत ओतेल-दिय रुग्णालयात रुग्णांच्या खाटांजवळ गेला. पेरिए १६ मे रोजी त्याच रोगाने वारले. पटकी कशाने पसरते, हे तेव्हा कुणालाही ठाऊक नव्हतं; म्हणजे ही भेट नुसती शोभेची नव्हती, जिवावरची होती. १८३५च्या २८ जुलैला बुलव्हार द्यू तांप्लवर फिएस्की नावाच्या माणसाने अनेक बंदुकांच्या नळ्या एकत्र बांधलेलं यंत्र राजाच्या मिरवणुकीवर डागलं. १८ माणसं ठार झाली. राजाला जेमतेम ओरखडा आला. त्या दिवशी ड्यूक बापाबरोबर घोड्यावर होता.

त्याच्या आयुष्यातलं दुसरं प्रकरण अल्जीरियाचं आहे आणि त्यावरून पांघरूण घालून पुढे जाणं बरोबर नाही. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जियर्स घेतलं होतं. ड्यूक तिथे वारंवार लष्करी मोहिमांवर गेला. ऑक्टोबर १८३९ मध्ये 'पोर्त द फेर', म्हणजे लोखंडी दरवाजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद खिंडीतून त्याच्या आणि मार्शल वाले यांच्या हाताखालचं सैन्य पार झालं. अब्द अल-कादिर या अल्जीरियन नेत्याच्या दृष्टीने हा आपल्या मुलखातला घुसखोरीचा प्रकार होता. त्याने पुन्हा युद्ध पुकारलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. पॅरिसमध्ये ड्यूकचं कौतुक झालं. किंमत अल्जीरियाच्या गावांनी मोजली. अँग्रच्या चित्रात ड्यूकच्या अंगावर लेफ्टनंट जनरलचा गणवेश आहे. त्याचं सोनं आणि लाल रंग पाहताना तो गणवेश कुठल्या युद्धात वापरला गेला, हेही लक्षात असावं.

आणि तिसरं प्रकरण चित्रांचं. हा राजपुत्र जाणता ग्राहक होता. त्या काळात फ्रेंच चित्रकलेत दोन तट पडले होते. एका बाजूला अँग्र, रेषेचा आणि जुन्या रोमन-ग्रीक आदर्शांचा कैवारी. दुसऱ्या बाजूला यूजेन देलाक्रवा, रंगाचा आणि आवेगाचा. दोघांमधून विस्तव जात नव्हता. फ्रान्सच्या कला अकादमीत अँग्र १८२५ मध्येच दाखल झाला होता. देलाक्रवाला पुन्हा पुन्हा अर्ज करूनही १८५७ पर्यंत तिथे बसू दिलं गेलं नाही. ड्यूकने दोघांचीही चित्रं घेतली. देलाक्रवाचं 'लिएझच्या बिशपची हत्या' त्याच्या संग्रहात होतं, 'शियाँचा कैदी' त्याच्यासाठीच रंगवलेलं. बारी या शिल्पकाराकडून त्याने भोजनाच्या टेबलावर मांडण्यासाठी शिकारीच्या प्रसंगांची धातुशिल्पं करवून घेतली. कुठल्या तटाचा झेंडा धरायचा हे ठरवण्याऐवजी त्याने दोन्हीकडचं चांगलं ते उचललं. एवढ्या रस्सीखेचीच्या काळात ही समज साधी नव्हे.

अँग्रला तर त्याने पडत्या काळात हात दिला. १८३४च्या 'सालों'मध्ये अँग्रने मोठ्या अपेक्षेने मांडलेल्या 'संत सिंफोरियनचं हौतात्म्य' या चित्राची टीकाकारांनी वाताहत केली. अँग्र इतका दुखावला, की पुन्हा त्या प्रदर्शनात चित्र ठेवायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं. तो रोमला फ्रेंच अकादमीचा संचालक म्हणून निघून गेला. त्याच सुमाराला ड्यूकने त्याच्याकडे एक चित्र मागितलं. विषय ग्रीक कथेतला. राजा सेल्यूकसचा मुलगा अंतिओकस अंथरुणाला खिळलेला आहे, रोग कुणालाच कळत नाही. वैद्य त्याच्या छातीवर हात ठेवून बसतो आणि सावत्र आई स्त्रातोनिसे खोलीत येताच ठोके वाढतात, हे त्याला जाणवतं. अँग्रने या 'स्त्रातोनिसे' चित्रावर वर्षं घातली. १८४० मध्ये ते पॅरिसला पोचलं तेव्हा ज्यांनी त्याला झोडपलं होतं तेच त्याचे गोडवे गाऊ लागले. पुढच्या वर्षी तो परतला तेव्हा त्याच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी झाली, चारशेहून अधिक पाहुणे आणि संगीताची जबाबदारी संगीतकार बर्लिओझकडे. अँग्रची पॅरिसमधली पत या राजपुत्राने मागितलेल्या चित्राने परत आणून दिली.

'स्त्रातोनिसे'तला एक तपशील मला इथे सांगायलाच हवा. पलंगाच्या पायथ्याशी राजा बाप कोसळलेला आहे. तोंड अंथरुणात खुपसलेलं, हात पसरलेले. मुलगा हातचा जाणार या भीतीने एक राजा राजेपण विसरून गेला आहे. कथेत मुलगा वाचतो. हे चित्र ड्यूकने पैसे मोजून आपल्या दालनात लावलं होतं.

त्यानंतर ड्यूकने अँग्रला स्वतःचं व्यक्तिचित्र करायला सांगितलं. अँग्रला व्यक्तिचित्रांचा कंटाळा होता. त्याच्या मते खरी चित्रकला म्हणजे इतिहास आणि पुराण. माणसांचे चेहरे रंगवणं हे पोटासाठी करायचं काम. गरिबीच्या दिवसांत रोममध्ये त्याने प्रवाशांची पेन्सिलचित्रं काढून दिवस ढकलले होते, त्या आठवणीही असतील. रोमहून आल्यावर व्यक्तिचित्रं घ्यायची नाहीत असा त्याचा निर्धार होता, पण या ग्राहकाला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. १८४१च्या अखेरीपासून बैठका सुरू झाल्या.

आता चित्र जरा जवळून पाहू.

ड्यूक उभा आहे, देह किंचित वळलेला, मांडीपर्यंत दिसणारा. गडद कोट गळ्यापर्यंत बंद. खांद्यांवर सोनेरी झुपके, छातीवर लेजिअन ऑफ ऑनर या फ्रेंच सन्मानाचा तारा. खाली लाल विजार. एवढ्या काळसर कोटाखाली तो लाल रंग अचानक येतो आणि सगळं चित्र त्याच्यावर उभं राहतं. हातात लष्करी टोपी आणि हातमोजे. मागे राजवाड्यातल्या दालनाची भिंत, सोनेरी नक्षीची. सिंहासन, पडदा, खांब, तोफ, घोडा यांतलं काहीच नाही. राजपुत्राच्या चित्रात हमखास दिसणारं बरंचसं सामान अँग्रने बाहेर ठेवलं आहे.

मग त्याने काय ठेवलं? पहिली गोष्ट, रेषा. खांद्यापासून कमरेपर्यंत येणारी आणि पुन्हा बाहेर झुकणारी ती लांब रेघ पाहा. मानवी शरीर इतकं सलग वळत नाही. अँग्रला शरीरशास्त्र येत नव्हतं असं नाही, पण सुंदर रेषेसाठी तो हाडांना सक्ती करी. त्याच्या 'ग्रांद ओदालिस्क' या प्रसिद्ध चित्रातल्या स्त्रीच्या पाठीत मणके जास्त आहेत, असा टोमणा त्याला १८१९ मध्येच ऐकावा लागला होता. इथेही ड्यूकची कंबर बारीक, धड लांबट, मान सरळसोट. शिंपी आणि चित्रकार या दोघांनी मिळून हा देह घडवला आहे.

दुसरी गोष्ट, पृष्ठभाग. देलाक्रवाच्या चित्रात कुंचला कुठे वळला, कुठे थांबला, हे दिसतं. अँग्रच्या चित्रात कुंचल्याचा माग शोधूनही सापडत नाही. त्वचा, कापड, धातू सगळं एकाच गुळगुळीत शांततेत बसवलेलं. त्यातही फरक मात्र चोख आहे: लोकरीचा कोट प्रकाश पिऊन टाकतो, सोन्याचे धागे तो परतवतात, मोज्याचं कातडं या दोहोंच्या मधलं. चेहरा तरुण आहे, विरळ दाढीमिशी, नजर सभ्य आणि थोडी अलिप्त.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हा माणूस काहीही करत नाही. तो हुकूम देत नाही, कुठे बोट दाखवत नाही, तलवारीशी खेळत नाही. टोपी आणि मोजे हातात म्हणजे तो नुकताच आत आला असेल किंवा आता निघायच्या बेतात असेल. गादीच्या वारसाचा खरा व्यवसाय कुठला? वाट पाहणं. बाप हयात आहे तोवर त्याने तयारीत राहायचं, घाई दिसू द्यायची नाही आणि कंटाळाही. अँग्रने भावी राजा रंगवला नाही. ते अवघडलेलं, शिस्तीत बसवलेलं वाट पाहणं रंगवलं. मुकुट दाखवला असता तर नाशपाती आठवली असती. वाट पाहणाऱ्या माणसाचं व्यंगचित्र काढणं कठीण, कारण त्याने अजून कसलाच दावा केलेला नसतो.

१३ जुलै १८४२. ड्यूक लष्करी छावणीच्या पाहणीसाठी निघणार होता. त्याआधी आईवडिलांचा निरोप घ्यायला तो उघड्या गाडीतून पॅरिसबाहेर नोयीच्या राजवाड्याकडे चालला होता. वाटेत घोडे उधळले. तो गाडीतून रस्त्यावर पडला. उडी मारली असंही सांगितलं जातं. डोक्याला जबर मार लागला. त्याला उचलून जवळच्या एका किराणा दुकानदाराच्या घरात नेलं आणि गाद्यांवर झोपवलं. राजा, राणी, घरातली माणसं धावत आली. काही तासांनी, त्याच दुपारी, त्या घरातच तो वारला. 'स्त्रातोनिसे'तला बाप आता एका वाण्याच्या घरात जमिनीवर बसला होता, आणि या वेळी निदान करणारा वैद्य कामाचा नव्हता.

राजवटीला हादरा बसला. राजाचं वय ६८, ड्यूकचा मोठा मुलगा, पॅरिसचा काउंट, चार वर्षांचाही नव्हता. ऑगस्टमध्येच कायदा करून ड्यूकचा धाकटा भाऊ नमूर याला भावी राजप्रतिनिधी ठरवावं लागलं. अँग्रही खचला. आपल्या जुन्या मित्राला, गिलिबेरला, लिहिलेल्या पत्रांत त्याचं दुःख दिसतं. आश्रयदाता गेला होता आणि त्याचा चेहरा ज्याच्याकडे ताजा होता असा चित्रकार तोच होता.

मग जे झालं ते एखाद्या कारखान्याला शोभेल असं. घराण्याला प्रती हव्या होत्या, सरकारी इमारतींना प्रती हव्या होत्या. अँग्र आणि त्याचे शिष्य कामाला लागले. काही प्रती पूर्णाकृती झाल्या, काही छातीपर्यंतच्या. काहींत मागची भिंत जाऊन मोकळा निसर्ग आला. वर्सायला अशी प्रत आहे. कालामात्ता या निष्णात कारागिराने चित्रावरून धातूच्या पत्र्यावर कोरून ठसा तयार केला आणि तो चेहरा छापील रूपात घराघरांत पोचला. दागेरचं छायाचित्रण जाहीर होऊन तीनच वर्षं झाली होती. देशाला एकाच चेहऱ्याची हजारो रूपं पुरवण्याचं काम अजून कुंचला आणि कोरणी यांच्याचकडे होतं. या प्रतींमध्ये एक लक्षणीय बदल दिसतो. मूळ चित्रातला माणूस खोलीत आहे, कुणाला तरी भेटायला किंवा कुणाला तरी भेटून. आभाळाखाली उभा केला की तोच माणूस स्मारक होतो. पवित्रा तोच, फक्त वाट पाहण्याची जागा काढून घेतली. मूळ चित्र प्रतींपेक्षा श्रेष्ठ का, याचं उत्तर त्या भिंतीत आहे.

जिथे ड्यूक वारला ते घर राजाने विकत घेतलं आणि तिथे प्रार्थनामंदिर उभारलं. ते जुलै १८४३ मध्ये तयार झालं. त्याच्या खिडक्यांच्या काचचित्रांचे आराखडे अँग्रने केले, काचा सेव्रच्या सरकारी कारखान्यात तयार झाल्या. घराण्यातल्या व्यक्तींची नावं असलेले संत त्यात आहेत आणि काहींच्या चेहऱ्यांत घराण्याची ठेवणही. आत चित्रकार आरी शेफेरच्या आराखड्यावरून शिल्पकार त्रिकेतीने घडवलेली मृत ड्यूकची संगमरवरी आकृती आहे आणि तिच्याजवळ प्रार्थना करणारा देवदूत. तो ड्यूकच्या बहिणीने, मारीने, घडवला होता. ती स्वतः शिल्पकार होती आणि १८३९ मध्येच वारली होती. १९७०च्या दशकात रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या गरजेसाठी हे मंदिर उचलून थोड्या अंतरावर पुन्हा उभं करण्यात आलं.

२४ फेब्रुवारी १८४८. पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती. लुई-फिलिपने नऊ वर्षांच्या नातवाच्या नावे गादी सोडली. ड्यूकची विधवा एलेन, जन्माने जर्मन, मेक्लेनबुर्ग-श्वेरिनची राजकन्या, दोन्ही मुलांना घेऊन थेट प्रतिनिधिगृहात गेली. मुलाला राजा म्हणून मान्यता द्या, एवढं मागायला. सभागृहात जमाव घुसला, गोंधळ झाला आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाली. एलेन मुलांसह देशाबाहेर पडली. हुंडी बुडाली ती त्या दुपारी. नोयीचा राजवाडा दुसऱ्या दिवशी जळाला.

पुतळ्यांची गोष्टही लक्षात घेण्यासारखी. मारोकेत्तीने घडवलेला ड्यूकचा अश्वारूढ पुतळा १८४५ मध्ये अल्जियर्सच्या मुख्य चौकात मशिदीपुढे उभा राहिला. त्याचीच दुसरी प्रत लूव्रच्या चौकात. लूव्रमधली प्रत १८४८च्या क्रांतीनंतर हलवली गेली. अल्जियर्समधला पुतळा १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर फ्रान्सला आला. आता तो नोयीत आहे. जिंकलेल्या शहराच्या मध्यभागी घोड्यावर बसवलेल्या माणसाला ते शहर स्वतःचं झाल्यावर ठेवून घेईल, अशी अपेक्षाच चुकीची होती. पुतळा हुकूम देत होता. तो मानणारं कुणी उरलं नाही, तेव्हा पुतळ्याला जागा उरली नाही.

अँग्रच्या चित्राला असं हलवावं लागलं नाही, कारण त्याने कुणाला हुकूमच दिला नव्हता. गणवेश त्याच युद्धातला, माणूस तोच. तरी चित्रकाराने त्या माणसाकडून काय वदवून घेतलं आणि काय नाही, यावर प्रतिमेचं पुढचं आयुष्य ठरलं. याचा अर्थ चित्र निष्पाप आहे असा नाही. ते दरबारी चित्र आहे, पैसे घेऊन केलेलं, माणसाला आहे त्याहून रेखीव दाखवणारं. पण खुशामतीचीही प्रतवारी असते. गादीची खुशामत गादीबरोबर संपते. माणसाच्या अवस्थेकडे नीट पाहून केलेली खुशामत टिकते, कारण तिच्यात निरीक्षण जास्त आणि स्तुती कमी असते. वाट पाहणारा, अंगावर वंशाचं ओझं असलेला, वरून निवांत दिसणारा तरुण आपल्याला समजतो. त्याला समजून घ्यायला फ्रान्सच्या गादीवर श्रद्धा असावी लागत नाही.

ज्याला आपण स्वच्छंदतावादी कालखंड म्हणतो त्यात व्यक्तिचित्राची ही उलथापालथ घडली. देलाक्रवाने ती वादळं आणि रक्त रंगवून दाखवली. अँग्र स्वतःला त्या गोटातला कधीच म्हणाला नसता. पण पदवीच्या मागचा एकटा माणूस शोधणं हेच त्या काळाचं वेड होतं, आणि रेषेचा हा कट्टर पुजारी या चित्रात नकळत त्याच वाटेने गेला आहे. त्याच्या हयातीत त्याला विचारलं असतं, तर त्याने 'स्त्रातोनिसे'ला मोठं म्हटलं असतं आणि या चित्राला कर्तव्य. माझा कौल उलटा आहे. 'स्त्रातोनिसे'तलं दुःख ग्रीक पोशाखात, रंगमंचावर घडतं. कोसळलेला बाप सुंदर कोसळतो. ड्यूकच्या चित्रात काहीच घडत नाही आणि म्हणून त्यात पाहणाऱ्याला वाव आहे.

शेवटी हिशेब मांडू. राज्याच्या नावाने काढलेली हुंडी बुडाली, हे खरं. ड्यूक राजा झाला असता तर १८४८ टळलं असतं का, यावर इतिहासकार वाद घालतात; मला त्यात पडायचं नाही. अल्जीरियाच्या खात्यावर त्याच्या नावे जे लिहिलं गेलं तेही पुसायचं नाही. पण याच माणसाने आणखी काही शब्द दिले होते : झोडपल्या गेलेल्या अँग्रला, अकादमीने दाराबाहेर ठेवलेल्या देलाक्रवाला, बारीला. ते त्याने हयातीत पाळले, आणि वेळ निघून गेल्यावर नव्हे, त्यांना गरज होती तेव्हा पाळले. 'स्त्रातोनिसे' आज शांतियीच्या संग्रहालयात आहे, देलाक्रवाची चित्रं लूव्रमध्ये. राजा म्हणून त्याने काय दिलं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. ग्राहक म्हणून काय दिलं ते मात्र भिंतीवर मोजून पाहता येतं. राजपुत्रांचा जमाखर्च मांडताना हा रकाना कोरा सोडू नये, एवढंच मला आज सांगायचं होतं.